शर्ट धरला म्हणून

त्या खुर्चीत नको साहेब, तिचा वेत अर्धाच विणलाय, थेट आत जाल — ह्या स्टुलावर टेका. हं. तर काय म्हणत होतात, माझा मुलगा संघापेक्षा मोठा झालाय? असेल बुवा. कॅप्टन तुम्हीच केलात त्याला. पण झालं काय ते सावकाश ऐका, मी कुंपणाशी होतो, तुम्ही मॅनेजर लोक वर सावलीत. पेनल्टी कॉर्नर मिळाला समोरच्यांना. ते फटका मारणार, आणि आपल्यातल्या एकानं गोलातून सुटून चेंडूच्या तोंडावरच धावायचं — कोचसाहेब ओरडले, काटकुळ्याला पाठव, तो चपळ आहे! चपळ आहेच. पण आधीच्या सामन्यात त्याच्या कानशिलावर चेंडू बसलेला, भिंत धरून चालत होता बिचारा, डॉक्टर नको म्हणाले आणि तुम्ही म्हणालात, चालेल. माझ्या मुलानं त्याचा शर्ट धरून मागे ओढला आणि स्वतः धावला. गोल झाला. झाला हो, नाही कुठं म्हणतोय? हरलो आपण. तर कोचसाहेब सगळ्यांदेखत म्हणतात, शेपूट घालणारा कॅप्टन. आता मला सांगा, शेपूट घालणारा पुढं धावतो का मागं?

नाही नाही, मी चिडलो नाही. माझा आवाजच असा.

तुमचं म्हणणं एवढंच ना, की त्यानं संघासमोर उभं राहून म्हणावं, कोचचं बरोबर होतं, माझं चुकलं — नाहीतर शनिवारच्या निवडीत तो नाही. दोन शब्दांनी काय जीभ झिजते, असं तोही सकाळी म्हणालाच — बूट घालून निघालाच होता तुमच्याकडं, मीच उंबऱ्यात बसून राहिलो म्हणून... हे बोलायचं नव्हतं मला. असो, निसटलं. होय, मीच अडवलाय. हॉकीशिवाय त्याला येतं काय? काही येत नाही. सून म्हणते, मामंजी, मान तुमची ताठ आणि संसार आमचा मोडायचा. खोटं नाही तिचं. पण काल काटकुळ्याची आई बाजारात भेटली — नुसता माझा हात धरून उभी राहिली. असा हात धरल्यावर मुलाला कसा धाडू हो, चुकलं म्हणायला? हरल्याची माफी मागेल तो, शंभरदा मागेल. शर्ट धरल्याची नाही.

काय? हो, पडद्याआडच आहे तो, ऐकतोय केव्हाचा. ये रे बाहेर. मी उंबरा सोडला, हा बघ, बाजूला झालो. जायचं तर जा साहेबांबरोबर, बाप म्हणून आडवा येणार नाही. फक्त एवढं सांग त्यांना — पुन्हा तसाच कॉर्नर आला, पुन्हा त्यालाच पाठव म्हणाले, तर काय करशील?

मोठ्यानं बोल. त्यांना ऐकू गेलं पाहिजे.

ऐकलंत ना साहेब? ‘पुन्हा धरीन’ म्हणतोय. मग माफी कसली मागायची? या आता. जपून उतरा, पायरी उंच आहे.