कडूबाचं तिसरं मरण

समारंभाचे अध्यक्ष आणि या तंबूचे मालक श्रीयुत भगवंतराव, प्रमुख पाहुणे सरपंच वामनराव, मशीनवाले माणिकराव, मागे खुर्च्यांवर बसलेली बीबी गावची प्रतिष्ठित मंडळी आणि पुढे जमिनीवर बसलेले माझे मायबाप हो,

आपल्या टुरिंग टॉकीजमध्ये इंग्रजी घोडेवाल्यांचे पिक्चर माईकवरून वऱ्हाडीत समजावून सांगायचं काम मी चौदा वर्षं केलं. आज शाल-नारळ देऊन मला निरोप मिळतो आहे. पत्रिकेत 'वयोमानानुसार' असं छापलंय. माझं वय बेचाळीस आहे, हे अध्यक्षमहाशयांना चांगलं ठाऊक आहे. मग खरं कारण कोण सांगणार? मीच सांगतो. सांगणं हाच तर माझा धंदा.

एकच पिक्चर तीसदा पाहिला की त्याचे टाके दिसायला लागतात. हिरोच्या सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून अकरा बार निघतात, मी मोजलेत. तेच घोडे त्याच टेकडीवरून चारदा जातात. गुत्त्याचं दार आपटलं की दगडी भिंत आपल्या कनातीसारखी हलते. हे सगळं मी हेरलं होतं आणि त्याचा मला तोराही होता. पण खरी गोष्ट हेरली ती तुमच्या सोजराबाईंनी. त्या बघा, पहिल्या रांगेत बसल्यात.

दोन वर्षांपूर्वी याच मैदानावर, ऐन मारामारीत, त्या उभ्या राहून ओरडल्या, "काऊन हो भाऊ, हा तं मंघाशीच मेला होता ना!"

"बाई, तुमाले तसं वाटलं असन, खाली बसा," मी माईकवरून शहाणपणा केला. सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी माणिकरावांनी पिक्चरची पट्टी उजेडाला धरून दाखवली. बाई बरोबर होत्या. एकच माणूस तीनदा मरतो. आधी टोपी घालून छपरावरून, मग मिशा लावून घोड्यावरून, आणि शेवटी उघड्या डोक्यानं नदीत. उजवा बूट तिन्ही वेळा तोच, पुढून फाटलेला. मला माझी लाज वाटली. बाईंना तसं जाऊन सांगितलं.

त्यांनी विचारलं, "त्याचं नाव काय हाय?"

सुरुवातीच्या पाट्यांवर मी शोधलं. मारणाऱ्यांची नावं होती. पडणाऱ्याचं कुठंच नव्हतं.

"मंग कडूबा ठेवा," बाई म्हणाल्या. "माहा भाऊ. तलावाच्या कामावर दरडीवरून पडला. तिथच्या फरशीवर उद्घाटनाले आलेल्याचं नाव हाय, त्याचं नाई."

तेव्हापासून मी कडूबा म्हणतो. तो छपरावरून पडला की तुम्ही ओरडता, "उठ बे कडूबा!" आणि तो उठतो, मिशा लावून परत येतो. सोजराबाई एक खेळ चुकवत नाहीत. मला सांगा मंडळी, यात कुणाचं काय बिघडलं?

बिघडलं. आपला तंबू डोणगावला असताना पिक्चर पुरवणाऱ्या कंपनीचे साहेब खेळाला आले. हिरोनं कडूबाला तिसऱ्यांदा गोळी घातली आणि अख्ख्या तंबूनं हिरोला शिव्या घातल्या. साहेबांनी मालकांना दम भरला. मालक मला म्हणाले, "इंद्रभान, हिरोचं नाव घे. कडूबा बंद कर." मी नाही म्हणालो. त्याच दिवशी माझं वय झालं.

असो. भगवंतरावांनी चौदा वर्षं माझ्या घरची चूल पेटती ठेवली, त्याचे उपकार मानतो. माणिकरावांचे आणि तुम्हा सगळ्यांचेही मानतो. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. कडूबाच्या नावाची माफी मात्र मी मागणार नाही. शाल घेतो, थंडीचे दिवस आहेत. माईक तुमचा, हा घ्या परत.

पण अध्यक्षमहाशय, हे पाहा. आजच्या खेळाचं जमिनीचं तिकीट मी काढलंय आणि सोजराबाईंच्या शेजारी बसणार आहे. तिकीट दोन्ही बाजूंनी नीट वाचलं. जमिनीवर बसणाऱ्यानं ओरडू नये, असं त्यावर कुठंही छापलेलं नाही.

माणिकराव, चालू करा मशीन.