युनिव्हर्सिटीचे पांढरे बूट

बाबा घरात नाय म्हणून एकदा सांगितलं ना, सुप्रिया मॅडम — दारात उभं राहून काय उगवणार हाय तो? गेला माथेरानला, हातरिक्षा ओढायला. का म्हंजे? तुमीच धाडलात. तुमच्या युनिव्हर्सिटीचा कागद आला, नवनाथचा गुडघा ठीक, ऑपरेशनची गरज नाय — मग बसून काय करंल? मी बोललो, बाबा, गुडघा भोपळ्यावानी सुजलाय तुझा. तर मलाच दटावतो — कमळ्या, मशीन कशाला खोटं बोलंल रं, माझ्याच मनाचं दुखणं हाय ते. आन् मोरीत जाताना भिंत धरतो.

नका शिकवू मला. तुमी बाबाला दिलेल्या बुटात ती पिझो का काय ती पट्टी, पाय पडला की करंट होतो, करंटवरनं कळतं गुडघ्यावर किती भार — नववीत शाळा सोडली तरी पाठ हाय सगळं. पण लाल मातीत रिक्षा ओढणाऱ्याला पांढरे बूट द्यायची अक्कल कोणाची? बाबानं वास घेतला, पिशवीत परत बांधले, टांगले खुंटीला — ताईच्या लग्नात घालंन म्हणाला. नवी वस्तू आमी चिखलात नाय घालत. तो वर चपलेतच ओढतो.

मग आकडे कुठून आले? मला काय ठाव, मशीन तुमची. दर आयतवारी तुमचा माणूस यायचा आकडे उतरवायला — पट्टी कोरी दिसली आसती तर बूट नेले आसते परत, मग लग्नात बाबा काय अनवाणी उभा राहणार? म्हणून जरा — जरा म्हंजे तीन आठवडे — दहिवलीच्या ग्राउंडवर कबड्डी, उड्या. बूट घालून उडी मारली की मोबाईलवर रेघ टणकन वर, लय मज्जा. मग पुसून परत पिशवीत. कोण म्हंजे? आसंल कोणीतरी — माझ्या पायाकडं काय बघताय?

हां, मीच. लिवा. त्या आकड्यांवर बाबाचं ऑपरेशन ठरतंय हे सांगायचं होतंत ना आधी. सांगितलेलं? कोणाला, बाबाला? तो मान हलवतो नुसता, साहेब लोकांसमोर.

थांबा — तो बघा, नाक्यावरनं येतोय. एवढ्या लवकर कसा — कुंपण धरून चालतोय. उजवा पाय बघा, टेकवतच नाय. बघितलात? ... नको. तुमी नका बोलू त्याच्याशी. मी सांगतो. मी — काय सांगू पण...

जावा मॅडम. मागल्या दारानं जावा.