बाभळीवरचा कॅमेरा

नाव सरलाबाई उखा बाविस्कर, वय अंदाजे अडुसष्ट, धंदा घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवणे, राहणार बमरोली, सुरत.

मी समक्ष हजर राहून सांगते की, मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलते आणि मराठी येणारे हवालदार गणेशभाऊ लिहितात. त्यांनी माझी बडबड गाळू नये.

नदीकाठच्या उसात बिबटे किती, हे मोजणाऱ्या शास्त्रज्ञांच्या पथकात माझी नात सोनाली स्वयंसेवक म्हणून कामरेजकडे गेली. माझा मुलगा वाल्मिक म्हणाला, "पोरगी एकटी जाणार नाही." म्हणून मी सोबत गेले. बिल्ला मलाही मिळाला. बिबट्याचा ठसा दाखवला तेव्हा मी म्हटले, "आमच्या गल्लीतल्या कुत्र्याचा याहून मोठा असतो." पथकाचे प्रमुख धर्मेंद्रभाई हसले नाहीत.

समोरून जनावर गेले की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे त्यांनी झाडांना बांधले होते. मुक्कामाच्या शाळेत न्हाणीघर नव्हते. पुरुष उठायच्या आत मी नदीवर आंघोळ करी, लुगडे बाभळीवर टाकी.

पुढे काठावर तारेचे फास सापडले. ते लावणारा जवळच्या कॅमेऱ्यात दिसेल म्हणून सगळे वाट पाहत होते. त्यातले कार्ड काढायला सोनाली गेली. कार्ड कोरे निघाले. "मीच पुसलं," एवढेच ती म्हणाली. का, ते सांगत नाही. ती शिकाऱ्यांना सामील आहे, असा धर्मेंद्रभाईंचा अर्ज आहे. तिला सकाळपासून पलीकडच्या खोलीत बसवले आहे. तिने चहा घेतलेला नाही. मी आताच पुन्हा उठून दारातून पाहून आले. घेतलेला नाही.

तो कॅमेरा कोणत्या झाडावर होता, हे इथल्या ठाण्याच्या साहेबांनी आज मला मोबाईलवर दाखवले. ती बाभूळ माझी आहे. कॅमेरा बिबट्याच्या उंचीला, माझ्या गुडघ्याशी बांधलेला. मी लुगडे टाकताना वर बघणार की खाली?

इथे गणेशभाऊंनी पेन थांबवले. मी म्हटले, "लिहा भाऊ. तुम्हालाही आजी असेलच."

कार्ड आणले त्या संध्याकाळी सोनाली मला म्हणाली होती, "आजी, उद्यापासून पाण्याची बादली मी भरून देते." मी म्हटले, "काय व्हयनं वं? नदी आटनी का?" ती हसली नाही. एरवी हसते.

तिला माझेच फोटो पुसायचे होते, घाईत सगळे गेले, असे माझे म्हणणे आहे. शिकाऱ्याशी तिचा संबंध नाही. लाज माझी होती, ती सांभाळत बसली. माझी मी सांभाळीन. तिला सोडावे.

माझ्या विनंतीवरून पलीकडच्या खोलीचे दार उघडे ठेवून हा जबाब मोठ्याने वाचला. मध्येच आतून "आजी, गप ना!" असा आवाज आला, तोही लिहून घ्यावा. बाकी मी बोलले तसेच उतरले आहे. फक्त चहाबद्दलचे आता खरे राहिलेले नाही. म्हणून अंगठा देते.