नवसाचा कोंबडा

कस्तुराबाई : परत बसलास? आता काय झालं?

भिमाजी : चढ लय हाय आक्का. कोंबड्याला धाप लागली.

कस्तुराबाई : कोंबडा डालग्यात बसलाय आन् डालगं तुझ्या डोक्यावर. त्याला कशानं धाप लागंल?

भिमाजी : गरमतंय त्याला. जरा वारं खाऊ दे. तू बी बग की, समोरचा काळा कातळ कसा दिसतोय. एकावर एक भाकरी रचाव्या तसा.

कस्तुराबाई : जन्मल्यापासनं बगतीया त्यो कातळ. मागच्या खेपंला तू हितनंच माघारी फिरलास. त्याच्या आदी खालच्या वढ्यावरनं. म्हनून तर म्या संगट आले. सरूनं आपल्या कुकवासाठी नवस बोलला हुता, तुजा हिवताप उतरला तर घरचा कोंबडा देवाच्या राईत जिता सोडीन. तू उटलास. ती बिचारी गेली. नवस ऱ्हायला.

भिमाजी : सोडायचाय की. मी कुटं न्हाई म्हनतोय?

कस्तुराबाई : मग उट.

भिमाजी : घरात दुसरं कोन बोलत न्हाई गं. सकाळचा ह्योच काय तो आवाज.

कस्तुराबाई : ठावं हाय मला. तरी उट.

पुतळाबाई : कोन हाय तितं? पायतानं काडा, राई लागली!

कस्तुराबाई : आमी खालची, कुसगावची. ह्यो माजा भाऊ भिमाजी. नवस फेडायला आलोय.

पुतळाबाई : या की. मी पुतळा, वरच्या वाडीतली. राई आमीच राखतो. ह्या दगडाच्या पल्याड समदं देवाचं. वाळकी काडी बी भायेर न्यायची न्हाई. सरकारनं आता रानाला हद्दीचं दगड रवल्यात. आमच्या देवानं लय आदी रवलाय.

भिमाजी : मावशी, ते झाडावर काय हललं?

पुतळाबाई : शेकरू. घर बांदतंय. तीन-चार बांदतं आन् ऱ्हातं एकात.

भिमाजी : मला एकच मोठं झालंय. बिबळ्या हाय का हितं?

पुतळाबाई : हाय की.

भिमाजी : ऐकलंस का आक्का? बिबळ्या हाय.

कस्तुराबाई : तुला न्हाई खायाचा. अंगावर मास कुटं हाय तुज्या?

भिमाजी : मी माजं इचारत न्हाई.

पुतळाबाई : कोंबडा रातचा झाडावर बसंल. रानकोंबड्या हायत, त्या शिकवत्याल त्याला. सोडा.

(भिमाजी डालगं उघडतो. कोंबडा पंख झटकतो आणि थेट राईत शिरतो.)

भिमाजी : गेला? वळून बी बगितलं न्हाई?

कस्तुराबाई : रानकोंबड्यांचं नाव ऐकलं ना त्यानं.

भिमाजी : सरूनं हातावर दानं घालून वाडवला, आन् बेनं असं!

पुतळाबाई : आता हात लावून भायेर न्यायचा न्हाई. आपल्या पायानं आला, तर देवाची ना न्हाई.

भिमाजी : हाक मारली तर?

पुतळाबाई : हाकंला कोन अडवतंय?

कस्तुराबाई : मार की. सरू कशी बोलवायची त्याला?

भिमाजी : ऱ्हाऊ दे.

कस्तुराबाई : का रं?

भिमाजी : त्याला येगळी हाक न्हवती. सरू मला जेवायला बोलवायची, आन् मी हातपाय धुईस्तोवर ह्यो पाटापाशी हजर. त्याला वाटायचं, त्यालाच बोलावती.

पुतळाबाई : मग तसंच बोलवा.

भिमाजी : मावशी, बायका काय नवऱ्याचं नाव घेत्यात? ती म्हनायची, 'अवं, चला की जेवायला.' मी गडी मानूस. कोंबड्याला 'अवं' म्हनू?

कस्तुराबाई : हितं ऐकतंय कोन? शेकरू?

भिमाजी : भाकरी आनलीस का?

कस्तुराबाई : आनलीय. रोज तुज्या घरी धाडती, तू रोज कोंबड्याला टाकतोस. आज बी त्यालाच टाक.

भिमाजी : सोड फडकं. ... अवं.

पुतळाबाई : मलाच ऐकू आलं न्हाई, त्याला काय येतंय?

भिमाजी : अवंऽऽ! चला की जेवायलाऽऽ!

कस्तुराबाई : अगं बया! आला की पळत!

पुतळाबाई : दगडाच्या अल्याड आला बगा. आपल्या पायानं.

भिमाजी : खा रं बाबा. हळू, बोट नगो तोडू.

कस्तुराबाई : घाल आता डालग्यात. देवानं माघारी दिला.

भिमाजी : खाऊ दे की जरा.

पुतळाबाई : झालं त्याचं खाऊन. निगाला परत राईत.

कस्तुराबाई : अरं, धर की त्याला!

भिमाजी : जाऊ दे, आक्का. सरूनं शब्द दिलाय. हाकंला येतोय, तेवडं बास झालं. मी येत जाईन.

कस्तुराबाई : ह्यो चढ चढून? धाप न्हाई लागायची?

भिमाजी : धाप कोंबड्याला लागत हुती.

पुतळाबाई : पाव्हणं, अर्दी भाकर उरलीय बगा. हाक तर तुमाला बी ऐकू आली आसंल.

भिमाजी : आली की. ... आक्का, कांदा आनलायस का?