काळकुसळीचं बी

(ज्येष्ठ, १९५८. आरमोरीच्या पुढे एका सरकारी धानाच्या शेतावरची बियाण्याची खोली. संशोधक घाटे आणि कुरखेड्याच्या बाजूनं आलेली रुखमाबाई.)

रुखमाबाई : पायलीभर नाई मांगत साहेब. मूठभर द्या. तेवढ्यातून तीन सालात शेतातल्या साऱ्या बांध्या भरीन मी.

घाटे : घरचं सगळंच संपलं?

रुखमाबाई : तुमचं नवं बी आलं तवा पोरानं साऱ्या बांध्यांत तेच लावलं. घरचं जुनं धान, काळकुसळी, आम्ही खाऊन टाकली. दोन साल नवं धान मस्त पिकलं, खोटं काऊन बोलू? गेल्या साली पोळ्यानंतर पाणीच नाई आलं. दाना त सोडाच, ढोरायले तनीस बी हाती नाई लागली.

घाटे : मुलगा कुठे असतो आता?

रुखमाबाई : बल्लारशाले, कोळशाच्या खाणीत. सून बी गेली. काळकुसळी असती त खायापुरती पिकली असती. माझ्या मालकानं तुमाले देली होती ना? तुम्ही म्हणाले होते, पाण्याबिगर तगायचं हिच्या अंगात काय हाय ते शोधतो, अन् नव्या धानात टाकतो.

घाटे : म्हणालो होतो.

रुखमाबाई : मंग, सापडलं?

घाटे : मला वाटलं होतं, तो गुण एकाच जागी असेल. सात वर्षं संकर केले, नऊ हजार झाडं मोजली. मुळाची खोली एकीकडून येते, पान मिटणं दुसरीकडून, लवकर फुलणं आणखी तिसरीकडून. पुढच्या पिढीत सगळं विखुरतं. या झाडात थोडं, त्या झाडात थोडं. सगळं एकत्र असं एकाही झाडात आलं नाही.

रुखमाबाई : माणसाचं बी तसंच हाय. पोरात बापाचा आवाज आला, बापाचा दम नाई आला. राहू द्या. नाई सापडलं त नाई. माझं बी तेवढं द्या.

घाटे : ही बरणी बघा.

रुखमाबाई : हेच हाय. कुसळं पाहा ना, कशी काळीभोर.

घाटे : बाई, ते उगवणार नाही.

रुखमाबाई : काऊन?

घाटे : धानाचं बी आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांपलीकडे जगत नाही. पेरून नवं करत राहावं लागतं. मी चार वर्षं पेरलंच नाही. संकराच्या ओळींनाच जागा पुरत नव्हती. दोन महिन्यांपूर्वी शंभर दाणे भिजत घातले.

रुखमाबाई : किती उगवले?

घाटे : एकही नाही.

रुखमाबाई : आमच्या बाजूले असंल कोनाकडं. वारलूकडं पाहा, नाईतर दसरूकडं.

घाटे : गेल्या महिन्यात अकरा गावं फिरलो. दोघांकडेही गेलो होतो. सगळीकडे नवंच आहे.

रुखमाबाई : माझ्या मालकाच्या आज्यापासून होतं ते.

घाटे : चूक माझी आहे.

रुखमाबाई : आता यंदा काय पेरू मी?

घाटे : माझ्याकडे नवंच बी आहे. पाऊस मध्येच गेला तर हेही जळेल.

रुखमाबाई : ठाऊक हाय मले. टाका पदरात.