दाजींच्या रिव्हॉल्व्हरचा आवाज

दाजींचा रिव्हॉल्व्हरचा परवाना रद्द झाला. तो कसा, ते कळायला त्याआधी पोलीस ठाण्याच्या रांगेत ते भाच्याशी, मनोजशी, काय बोलत होते ते ऐका.

"मामा, सायलेन्सरचा अर्ज कशाला?"

"आपल्या पोरीच्या, करिष्माच्या हळदीत हवेत गोळी मारायचीच हाय. आवाज झाला तर परवाना जाईल."

"रिव्हॉल्व्हरला चालत न्हाय तो. सायलेन्सर नळीच्या तोंडाशी गरम वायू अडवून थंड करतो. आपल्या गोळ्यांच्या चक्रीत नि नळीत फट हाय. वायू आधीच तिथनं फाटकन सुटतो."

"फट वेल्डिंग करू."

"मग चक्री कशी फिरंल?"

"बरं, लिही. 'तरी गोळीचा आवाज साहेबांपर्यंत पोचू नये, याकरिता डीजे मोठ्याने वाजविण्यास लेखी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'"