काचेच्या पेटीतली कोंड

सांगा बरं मंडळी, सेवा म्हणजे काय? ज्याची सेवा करायची त्याला हवं ते द्यायचं, की आपल्याला छान वाटतं ते? सोपं वाटलं ना! लगेच माना डोलावल्यात! थांबा. आधी ऐका, मग डोलवा.

कोकणात आंबेखोल नावाचं गाव. देवळामागं ओढा वळतो आणि तिथं एक खोल डोह झालाय. तिकडं त्याला कोंड म्हणतात. कोंडीतले मासे देवाचे! तिथं कुणी गळ टाकत नाही. त्यात एक जात लहानगी. करंगळीएवढी, अंग रुपेरी आणि शेपटीपाशी काळा ठिपका. लोक म्हणायचे, देवानं बुक्का लावलाय!

एका उन्हाळ्यात कोंडीचा काठ ढासळला. दुरुस्तीसाठी पाणी उपसायचं ठरलं. मोठे मासे विहिरीत सोडले. पण लहानग्यांचं काय? त्यांनाही विहिरीत सोडलं तर मोठ्यांचा फराळच व्हायचा!

तेव्हा प्रभाकरराव डिंगणकर उभे राहिले. पोस्टातून निवृत्त झालेले, देवभोळे गृहस्थ. म्हणाले, "मी नेतो घरी! देवाचे पाहुणे माझ्याकडे राहतील!"

आणली हो पेटी! साथीला बसलेल्या आमच्या बुवांची ही सूर धरायची पेटी नव्हे, काचेची! चांगली पलंगाएवढी लांब! आत निळे खडे, प्लॅस्टिकची कमळं, वर झगझगीत ट्यूबलाईट. आणि देवाचे मासे म्हणून आत एक छोटं देऊळसुद्धा! कळसासकट! नळाचं स्वच्छ पाणी भरलं. गाव बघायला आलं. "वा, काका, वा!"

आणि मासे? मासे कोपऱ्यात एकमेकांना चिकटून थरथरत होते. रंग उडाला. काळा ठिपका राखेसारखा झाला. सकाळी बघतात तर काही मासे उलटे तरंगतायत!

प्रभाकररावांनी काय केलं? सगळं पाणी बदललं! आणखी मेले. पुन्हा बदललं, खडे घासले, काच पुसली. आणखी मेले! जितकी सेवा जास्त, तितके मासे कमी! आता गावात कुजबुज सुरू झाली. "देवाचे मासे मारले हो डिंगणकरांनी..."

ते मेलेला मासा तळहातावर घेऊन बसले. पाणी डोळ्यांत मावेना. "शालिनी, माझं काय चुकलं गं? मी काय कमी केलं?"

पत्नी शालिनीताई म्हणाल्या, "कमी नाही, जास्त केलंत. अहो, कोंडीत ट्यूबलाईट होती का?"

"म्हणजे?"

"आपण त्यांचं घर कधी नीट बघितलंच नाही. उठा, चला."

दोघं कोंडीवर गेली. तळाशी थोडं पाणी उरलेलं. दोघं काठावर बसली आणि नुसती बघत राहिली. मंडळी, किती सोपं आणि किती अवघड! काही न करता बघत बसायचं!

काय दिसलं? उंबराची मुळं पाण्यात उतरलेली. वर गर्द सावली. तळाशी वाळू, शेवाळलेले दगड, गळून पडलेली पानं. आणि पानांचा रंग उतरून पाणी कसं? कोऱ्या चहासारखं! देव तिथं फरशी पुसत नव्हता हो!

घरी येऊन निळे खडे काढले. कमळं काढली. देवळापुढं आधी हात जोडले, मग तेही काढलं. कोंडीतली वाळू आणली, शेवाळलेले दगड न घासता तसेच ठेवले, वाळक्या मुळाचा एक वेडावाकडा तुकडा आत रोवला, वाळलेली पानं टाकली. नळाच्या पाण्यात औषध असतं, म्हणून विहिरीचं पाणी भरलं. दिवा मंद केला.

आता पाहुणे आले की नाक मुरडायचे. "शी! केवढं गढूळ! आणि मासे कुठायत?"

मासे मुळांत दडून बसले होते. दिसतच नव्हते! प्रभाकररावांचा जीव खालीवर. "उरलेलेही गेले की काय? जरा घासू का?" शालिनीताईंनी घासणीच लपवून ठेवली. "थांबा म्हणते ना!"

थांबले. आणि एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते वाकले. मुळाआडून एक मासा बाहेर आला. संथ, निवांत. ठिपका काळाभोर, अंगावर चांदी! आणि पानांच्या फटीत हे काय? टाचणीच्या टोकाएवढे डोळे! डोळेच डोळे! पिल्लं हो, मंडळी! पिल्लं!

"शालिनी! अगं, ये लवकर!" चहा सांडला, कुणाला पर्वा!

गोष्ट इथं संपली असती. पण तेवढ्यात देवळात सभा भरली. कमिटीचे अध्यक्ष दिनकर राऊळ उत्साहानं सांगत होते, "कोंड अशी करू, की लोक बघत राहतील! चारी बाजूंनी टाइल्स, मधे कारंजं, रंगीत दिवे! फक्त ते उंबराचं मूळ आड येतंय, ते तोडू."

प्रभाकरराव उठले. म्हणाले, "दिनकर, हे सगळं मी करून बसलोय. माझ्या हातून देवाचे मासे मेले ते याच हौसेपायी. तोडायच्या आधी एकदा माझ्या घरी या."

सगळी सभा त्यांच्या घरी आली. दिनकररावांनी काचेला नाक लावलं. एकेक पिल्लू न्याहाळलं. मग हळूच म्हणाले, "काका, हे इतके सुखात मी कोंडीतही नव्हते पाहिले." आणि वळून सोबत आलेल्या गवंड्याला म्हणाले, "टाइल्स नकोत. दगड रचून काठ बांधू. मुळाला हात लावायचा नाही."

भाद्रपदात कोंड भरली तेव्हा मासे परत सोडले. नेले त्याहून जास्त!

आता मंडळी, माझ्याकडे नको, जरा आपल्या घराकडे बघा. सून आणलीत, तिची खोली रंगवलीत, आणि पहिल्याच दिवशी तिचं हसणं-बोलणं घासायला बसलात! गावाकडच्या वडिलांना शहरात आणलंत, गार खोलीत मऊ गादीवर बसवलंत, आणि म्हणता, "सगळं दिलंय, तरी गप्प का असतात?" अहो, त्यांना ओटा हवा असेल! येणाऱ्या-जाणाऱ्याला 'काय रे, कुठं?' म्हणायला! विचारलंत कधी?

आज घरी जा. त्यांच्याजवळ बसा. "तुम्हाला काय हवंय?" एवढंच विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर उठू नका.